‘मक्याची पिशवी’ कुजते कुठे? पार्सलचं पॅकिंग घेण्याआधी तपासायच्या गोष्टी

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात मिसळ, जेवणाचे डबे आणि सुका फराळ पार्सल देणारा छोटा व्यवसाय आहे. पॅकिंगचा माल दाखवायला येणाऱ्यांपैकी एक जण ‘मक्यापासून बनवलेलं’ म्हणतो, दुसरा ‘शंभर टक्के बायोडिग्रेडेबल’ आणि तिसरा ‘कंपोस्टेबल, सरकारमान्य’. दर वेगवेगळे, बोलणं मात्र एकच. यात फरक काय, कशासाठी काय घ्यावं, आणि वापरून झाल्यावर ते खरोखर कुजतं का?

आधी शब्दांचा घोळ मिटवू, कारण निम्मी फसवणूक तिथेच होते. ‘वनस्पतीजन्य’ हा शब्द माल कशापासून बनला एवढंच सांगतो. ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणजे जिवाणू आणि बुरशी तो कधी ना कधी खाऊन संपवतील. पण कुठे आणि किती दिवसांत, याचा पत्ता त्या शब्दात नाही. ‘कंपोस्टेबल’ म्हणजे ठरावीक उष्णतेत आणि ओलाव्यात, ठरावीक मुदतीत तो कुजतो आणि त्यातून होणारं खत झाडाला बाधत नाही, हे प्रयोगशाळेत तपासलेलं आहे. पहिल्या शब्दावरून तिसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

उदाहरण घ्या. उसापासून इथेनॉल, इथेनॉलपासून इथिलीन आणि त्यापासून पॉलिथिन करता येतं; ब्राझीलमधली ब्रास्केम ही कंपनी २०१० पासून ते मोठ्या प्रमाणावर करते. कच्चा माल शंभर नंबरी ऊस, पण तयार होतं ते नेहमीचंच पॉलिथिन. गाईच्या पोटात गेलं तर तोच त्रास, नाल्यात गेलं तर तोच तुंबा. कोका-कोलाने २००९ मध्ये आणलेली ‘प्लांटबॉटल’ही तशीच: तिच्यातला जास्तीत जास्त ३० टक्के भाग वनस्पतीजन्य, पण बाटली नेहमीच्या पीईटी प्लास्टिकचीच. ती भंगारात इतर बाटल्यांबरोबर चालते, खड्ड्यात कुजत नाही.

याच्या अगदी उलट पीबीएटी नावाचं प्लास्टिक. ते बनतं बहुतांशी खनिज तेलापासून, पण त्याच्या रेणूंची साखळी जिवाणूंची विकरं (एन्झाइम) तोडू शकतात, म्हणून ते कंपोस्टेबल. बाजारात ‘मक्याची पिशवी’ म्हणून मिळणाऱ्या मऊ, रेशमी हाताच्या पिशवीत बहुधा मोठा वाटा पीबीएटीचाच असतो, सोबत थोडं पीएलए (साखरेपासून बनणारं प्लास्टिक, त्याबद्दल पुढे) किंवा स्टार्च. नुसत्या पीएलएची पिशवी कडक होईल, चुरचुर वाजेल आणि घडीवर तडकेल. तेव्हा ‘मक्याची’ हे अर्धसत्य आहे. त्यात गैर काही नाही, फक्त ‘वनस्पतीजन्य’ म्हणून जादा पैसे मोजू नका.

आता पीएलए, कारण पारदर्शक ग्लास, वाट्या, डब्यांची झाकणं, कागदी कपांचं अस्तर अशा सगळीकडे तेच आहे. मका किंवा उसाची साखर आंबवून लॅक्टिक आम्ल करतात, त्याची लांब साखळी म्हणजे पीएलए. जिवाणू ही अखंड साखळी सहसा थेट खात नाहीत. आधी पाणी आणि उष्णतेने तिचे तुकडे व्हावे लागतात; ते पुरेसे लहान झाले की मग जिवाणूंचं जेवण सुरू होतं. साधारण ५५ ते ६० अंशांच्या खाली हा पदार्थ काचेसारखा घट्ट असतो आणि पाणी आत जाऊन तोडफोड करण्याचा वेग फार मंदावतो. म्हणून मोठ्या कंपोस्ट ढिगात, ५८-६० अंशांवर, तो काही आठवड्यांत संपतो. पीएलएचा चमचा कुंडीतल्या मातीत पुरला तर वर्षा-दोन वर्षांनीही ओळखू येईल असा निघतो. समुद्रात आणि नदीतही तो प्लास्टिकसारखाच वागतो.

हेच ५५-६० अंश स्वयंपाकघरातही आडवे येतात. पीएलएच्या साध्या वाटीत उकळतं वरण ओतलं की वाटी आधी कडेने सैल पडते, मग बसकण मारते. माल खोटा म्हणून असं होत नाही, तो माल गार पदार्थांसाठीच आहे: कोशिंबीर, ज्यूस, श्रीखंड. गरम कामासाठी सीपीएलए नावाचा स्फटिकीकरण केलेला प्रकार येतो, तो साधारण ८५ अंशांपर्यंत तग धरतो. चमचे आणि कॉफीच्या कपांची झाकणं त्याची असतात. तो पांढरट, अपारदर्शक असतो. त्यामुळे पाण्यासारखा स्वच्छ पारदर्शक डबा दाखवून कुणी ‘गरम चालेल, कंपोस्टेबल आहे’ म्हणालं, तर दोन्हींपैकी एक गोष्ट चुकीची आहे.

कंपोस्टेबल म्हणायचं कधी, याची कसोटी ठरलेली आहे. भारतात आयएस/आयएसओ १७०८८, युरोपात ईएन १३४३२, अमेरिकेत एएसटीएम डी ६४००. तपशिलाचे फरक सोडले तर तिन्हींचा गाभा सारखा. पहिली अट: ५८ अंशांच्या आसपास ठेवलेल्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांच्या आत मालातल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बन डायऑक्साइड झाला पाहिजे. दुसरी: १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त तुकडे राहता कामा नयेत. तिसरी, जड धातूंची मर्यादा. चौथी, त्या खतात बी पेरून बघतात. उगवण आणि वाढ साध्या खताच्या किमान ९० टक्के हवी. यातली ५८ अंशांची अट नीट लक्षात ठेवा. हे घरच्या कुंडीचं तापमान नाही. घरगुती कंपोस्टसाठी वेगळी प्रमाणपत्रं आहेत, त्यांची चाचणी २० ते ३० अंशांवर होते आणि मुदत वर्षभराची असते. ‘ओके कंपोस्ट होम’ आणि ‘ओके कंपोस्ट इंडस्ट्रियल’ हे दोन शिक्के दिसायला भावंडं, अर्थाने लांबचे. आणि तारे असलेला ‘ओके बायोबेस्ड’ हा शिक्का तर कुजण्याबद्दल काहीच सांगत नाही. किती टक्के कार्बन वनस्पतीतून आला एवढंच त्या ताऱ्यांवरून कळतं.

विक्रेत्याकडून कागद मागाल तेव्हा तीन ठिकाणी नजर ठेवा. पहिलं, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र. कंपोस्टेबल प्लास्टिक बाजारात आणण्याआधी ते घ्यावंच लागतं, त्यावर उत्पादकाचं नाव असतं आणि प्रमाणपत्राचा क्रमांक मालावरही छापलेला हवा. नाव कच्चा माल विकणाऱ्या कंपनीचं आणि पिशवी भलत्याच कारखान्याची, असं असेल तर ते प्रमाणपत्र त्या पिशवीचं नाही. दाणा, म्हणजे कच्चं प्लास्टिक, पास झाला म्हणजे त्याची पिशवी आपोआप पास होत नाही; जाडी, शाई, रंग, चिकटपट्टी सगळं मोजलं जातं. पातळ फिल्म १२ आठवड्यांत विरते, त्याच दाण्याचा जाड डबा विरेलच असं नाही. दुसरं, अहवालावर कुठलं मानक लिहिलंय ते वाचा. ‘एएसटीएम डी ५५११’ किंवा ‘डी ६९५४’ दिसलं तर थांबा. पहिली नुसती मोजण्याची पद्धत आहे, तिच्यात पास-नापास काही नसतं. दुसरी ऑक्सो प्रकारच्या मालासाठीची मार्गदर्शिका आहे. ऑक्सो म्हणजे साध्या पॉलिथिनमध्ये कोबाल्ट, मँगनीज किंवा लोहाचे क्षार घालून ते ऊन-हवेत लवकर ठिसूळ करायचं. पिशवी डोळ्यांना दिसेनाशी होते आणि तिचा भुगा मातीत राहतो. युरोपीय संघाने जुलै २०२१ पासून असा माल बाजारातून बादच केला. तिसरं, तारीख. चार वर्षांपूर्वीचा अहवाल आणि आजचा माल यांच्या मध्ये दाणा बदललेला असू शकतो.

कागद बाजूला ठेवून हातानेही बरंच कळतं. पिशवीचा दोन सेंटिमीटरचा चौकोन कापा. ग्लासभर पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, म्हणजे बुडबुडे चिकटणार नाहीत. तुकडा चमच्याने पाण्याखाली दाबा, उलटापालटा करा आणि सोडा. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलके, साधारण ०.९० ते ०.९६ घनतेचे, ते वर येतात. पीएलए १.२४, पीबीएटी १.२६ च्या आसपास. ते तळाशी बसतात. तरंगली, तर ती पिशवी कंपोस्टेबल नाही, विषय संपला. बुडाली, तर मात्र लगेच हुरळून जाऊ नका. पॉलिथिनमध्ये वीसेक टक्के खडूची भुकटी घातली तरी ते बुडतं, आणि अशी भेसळ सर्रास होते. दुसरी परीक्षा आयोडीनची: जखमेवर लावायचं तपकिरी औषध थेंबभर लावा. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. पण पॉलिथिनमध्ये स्टार्च कालवलेला मालही निळा होतोच. ‘बघा साहेब, निळं झालं, म्हणजे मक्याचं’ हे प्रात्यक्षिक म्हणून बिनकामाचं आहे. तसंच गरम पाण्यात विरघळणाऱ्या पिशवीचं. ती बहुधा पीव्हीए या पाण्यात विरघळणाऱ्या प्लास्टिकची असते. साखर पाण्यात विरघळली म्हणून संपत नाही, तसंच हेही. विरघळणं वेगळं, कुजणं वेगळं.

कागदी कप किंवा द्रोण तपासायचा तर रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. सकाळी कागदाचा लगदा बोटांनी खरवडून काढला की आतलं अस्तर पातळ पापुद्र्यासारखं हातात येतं. ते स्वच्छ धुऊन त्याच साबणाच्या पाण्यात सोडा: तरंगलं तर पॉलिथिन, बुडालं तर पीएलए असण्याची शक्यता. पापुद्रा निघालाच नाही तर ते पाण्यात कालवलेल्या द्रावाचं लेपन असू शकतं. चंदेरी द्रोणांची परीक्षा करायचीही गरज नाही, ती चमक धातूचा मुलामा दिलेल्या प्लास्टिक फिल्मचीच असते. पळसाच्या पानांची, चोयांनी टाचलेली पत्रावळ आणि हा चंदेरी द्रोण एकाच नावाने विकले जातात, हा आपल्याकडचा एक विनोदच.

आता तुमच्या मालाकडे येऊ. मिसळीपासून सुरुवात करतो, कारण तर्री ही पॅकिंगची सगळ्यात कठोर परीक्षक आहे: गरम, पातळ, तिखट आणि वर तेलाचा तवंग. इथे उसाच्या चोथ्याचे, म्हणजे बगॅसचे डबे चांगले चालतात. ते प्लास्टिक नव्हेच. चिपाडाचा लगदा साच्यात घेऊन गरम दाबाखाली वाळवलेला असतो. उष्णतेने मऊ पडण्याचा प्रश्न नाही, घरच्या खताच्या ढिगातही कुजतात. अडचण आहे ती तेलाची. लगदा पाण्याला अडवतो तो त्यात मिसळलेल्या एकेडी नावाच्या द्रव्यामुळे. तेल अडवायला ते पुरत नाही. वर्षानुवर्षं यासाठी पीएफएएस गटातली फ्लोरिनयुक्त रसायनं वापरली गेली. ती तेलाला उत्तम अडवतात, पण निसर्गात जवळपास मोडतच नाहीत. अशा डब्याचं खत केलं की ती मातीत जातात. म्हणून कंपोस्टेबल मालात एकूण फ्लोरिन १०० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत १०० भागांच्या, आत हवं, असा दंडक बाहेरच्या प्रमाणपत्रांत आला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं की तिथे अन्नाच्या कागदी पॅकिंगला तेलरोधक म्हणून ही रसायनं आता विकली जात नाहीत.

घरी अंदाज घ्यायचा तर डब्याच्या आत गार गोडेतेलाचा एक थेंब सोडा. थेंब पसरून हळूहळू मुरला तर बहुधा फ्लोरिन नाही. अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखा गोल उभाच राहिला, तर संशय घ्या आणि विक्रेत्याकडे ‘एकूण फ्लोरिन’ चाचणीचा अहवाल मागा. नुसतं ‘पीएफएएस मुक्त’ छापलेलं पुरेसं नाही.

फ्लोरिन नसलेला डबा तेलाला कमी अडवतो, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. म्हणून ऑर्डर देण्याआधी पाच नमुने घ्या आणि खरी तर्री वापरून बघा, पाणी नको. उकळी आलेली तर्री, साधारण ९० अंशांची, डब्याच्या ८० टक्के भरा. झाकण लावा. खाली कोरा पांढरा कागद ठेवा आणि तीन डबे एकावर एक रचा. दर दहा मिनिटांनी सर्वात खालच्या डब्याखालचा कागद बघा. तेलाचा डाग किती मिनिटांनी उमटला ते लिहून ठेवा. तुमची डिलिव्हरी ३० मिनिटांची असेल तर डाग निदान ४५ मिनिटं येता कामा नये. डाग सहसा तळाच्या मधोमध येत नाही, तळ आणि भिंत मिळतात त्या वळणावर येतो. तिथे लगदा ताणला जाऊन पातळ होतो. पाचांपैकी दोन डबे तिथेच गळत असतील तर साच्याचा दोष आहे, जास्त जाडीचा माल मागूनही तो जाणार नाही. झाकणाचं वेगळं. वाफ आतून साचते, थेंब होतात, कड ओली पडते आणि डबा उचलताना झाकण निसटतं. झाकणाला छोटी भोकं असलेला प्रकार घ्या किंवा तर्री दोन-तीन मिनिटं थांबून भरा. आणि मिसळीत तर्री वेगळी द्यायचीच असेल, तर त्या १५० मिलिलिटरसाठी धुऊन पुन्हा वापरता येणारा पॉलिप्रॉपिलिनचा घट्ट डबा मला जास्त प्रामाणिक वाटतो. गळून अर्धी मिसळ वाया जाण्यात पर्यावरणाचं काही भलं नाही.

सुपारीच्या विरीचे (पानाच्या रुंद देठाचे) ताट-वाट्या सुक्या आणि घट्ट पदार्थांना छान. भाकरी, पिठलं, भरीत यांना त्याहून देखणं काही नाही. पण कुणी हा माल अमेरिकेत पाठवायच्या विचारात असेल तर सावध: तिथल्या प्रशासनाने २०२५ मध्ये सुपारीतल्या अल्कलॉइड्सचं कारण देऊन विरीची भांडी अन्नासाठी मान्य नसल्याचं सांगितलं आहे.

सुक्या फराळाचं गणित पूर्ण उलटं आहे, आणि इथेच चांगल्या हेतूने सर्वाधिक नुकसान होतं. चिवडा, शेव, चकली यांचे शत्रू म्हणजे ओलावा आणि हवा. बीओपीपी, म्हणजे ताणून बनवलेल्या पॉलिप्रॉपिलिनची फिल्म, पाण्याची वाफ फार थोडी आत येऊ देते. तेवढ्याच जाडीच्या पीएलए किंवा पीबीएटी फिल्ममधून ती दहापटीहून जास्त येते. पावसाळ्यातल्या पुण्यात, मग कोकणात तर विचारूच नका, कंपोस्टेबल पाकिटातली शेव आठवड्याभरात मऊ पडू शकते. कंपोस्टेबल असूनही ओलावा अडवणारे लेपित सेल्युलोजचे पर्याय आहेत, पण ते महाग पडतात. जाता जाता: बाजारात ‘जिलेटिन पेपर’ म्हणून मिळतो तो चमकदार कागद जिलेटिनचा नसतो, हल्ली सेल्युलोजचाही क्वचितच असतो, बहुतेक वेळा तो बीओपीपीच असतो.

स्वतः पडताळून बघायचं तर ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. प्रत्येक प्रकारच्या तीन पाकिटांत बरोबर १०० ग्रॅम ताजा, पूर्ण गार झालेला चिवडा भरून सील करा आणि दुकानातल्या फळीवर ठेवा. रोज वजन घ्या, एक जास्तीचं पाकीट फोडून चव बघा. चिवडा मऊ लागला त्या दिवशी वजन किती ग्रॅमने वाढलं होतं, तो तुमचा आकडा. नवं पाकीट त्या आकड्याला किती दिवसांत पोचतं, तीच त्याची खरी मुदत. ती विक्रीच्या मुदतीहून कमी आली, तर माझं मत स्पष्ट आहे: एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं, म्हणजे निव्वळ पॉलिप्रॉपिलिनचं साधं पाकीट वापरा, त्यावर चंदेरी थर नको. भंगारात त्याला थोडी तरी किंमत असते. वाया गेलेल्या शेवेसाठी खर्ची पडलेलं तेल, बेसन आणि गॅस हे पाकिटाच्या वजनाहून कितीतरी जड असतात. दोन दिवसांत संपणाऱ्या गोष्टी, पुऱ्या, ब्रेड, भाजी, यांना मात्र कंपोस्टेबल फिल्म उलट बरी. वाफ बाहेर जाते आणि आत थेंब धरत नाहीत.

पिशव्या किलोवर घेत असाल तर हिशेब आधी करा. ३० बाय ४० सेंटिमीटरची, ४० मायक्रॉनची पिशवी. दोन बाजू मिळून ०.२४ चौरस मीटर, म्हणजे ९.६ घनसेंटिमीटर माल. पॉलिथिन असेल तर एक पिशवी ८.८ ग्रॅमची, किलोत ११३ बसतात. कंपोस्टेबल असेल तर १२.१ ग्रॅमची, किलोत ८२-८३. किलोचा दर दुप्पट असेल तर पिशवीमागचा खर्च दुपटीहून बराच जास्त, पावणेतीन पट पडतो. दर नेहमी नगावर मागा. वजनात आणखी एक कळतं: मोजलेलं वजन हिशेबापेक्षा बरंच जास्त आणि जाडी सांगितल्याप्रमाणेच, तर आत खडू असण्याची शंका घ्या.

साठवणुकीकडे फारसं कुणी लक्ष देत नाही आणि मग विक्रेत्याला दोष जातो. कंपोस्टेबल फिल्म ओलावा आणि उष्णतेने गोदामातच हळूहळू तुटायला लागते. साधारण वर्षभराची मुदत धरा, त्यामुळे दोन-तीन महिन्यांहून जास्त साठा करू नका. पेट्या भिंतीपासून आणि फरशीपासून सहा इंच दूर, फळीवर, उन्हाबाहेर. भट्टीच्या मागच्या खोलीत तर नकोच. जुना माल आधी काढा. माल उतरायला लागल्याची खूण अशी: पिशवी ताणली की आधी लांबते, तशी लांबायची थांबते आणि कागदासारखी सरळ रेषेत फाटते, बहुधा घडीवर किंवा तळाच्या सीलजवळ. सीलिंग मशीन पॉलिथिनच्या सेटिंगवरच ठेवून कंपोस्टेबल पाकीट लावू नका. आधी उष्णता कमी करा आणि पाच-पाच अंशांनी वाढवत जा. सील थंड झाल्यावर ओढून बघा. कड पारदर्शक होऊन आकसली तर जास्त झालं, पापुद्र्यासारखं उकललं तर कमी. बगॅसच्या डब्यांना दमट हवेत बुरशी धरते. काळे-हिरवे ठिपके दिसले तर ती पेटी पुसून वापरायची नाही, थेट कंपोस्टला.

कायद्याचं थोडक्यात. १ जुलै २०२२ पासून देशभर प्लास्टिकच्या ताटल्या, कप, चमचे, स्ट्रॉ यांच्याबरोबर मिठाईच्या बॉक्सवर गुंडाळायची फिल्मही बंद आहे. दिवाळीच्या फराळाचे बॉक्स बांधताना हे विसरलं जातं. प्लास्टिक पिशवी ३१ डिसेंबर २०२२ पासून किमान १२० मायक्रॉनची हवी, कंपोस्टेबलला ही जाडीची अट नाही. महाराष्ट्राचा नियम मात्र जास्त कडक. २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्यांवर सरसकट बंदी आली, आणि कंपोस्टेबल पिशव्यांना सूट दिली ती रोपवाटिका, शेती, फळबाग आणि घनकचरा हाताळणी अशा कामांसाठी. जुलै २०२२ मध्ये प्लास्टिकचं अस्तर असलेले कागदी कप-ताटल्याही बंदीत आल्या. वर्षाच्या अखेरीस कंपोस्टेबल सामग्रीच्या वस्तूंना प्रमाणपत्राच्या अटीवर वाट मोकळी झाली. म्हणजे केंद्राचा नियम दाखवून कुणी हातातली पिशवी विकत असेल तर ‘महाराष्ट्रात चालते का’ हे लेखी मागा. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. शिवाय अन्नाला लागणारं प्लास्टिक कुठलंही असो, अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या पॅकेजिंग नियमांप्रमाणे त्यातून अन्नात उतरणारे घटक किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या आत हवेत. कंपोस्टेबल म्हणजे आपोआप खाद्यसुरक्षित, असं समीकरण नाही. रद्दी पेपरमध्ये वडे बांधणं तर नियमाने कधीच बंद आहे.

राहिला शेवटचा भाग: कुजतं का? त्याचं उत्तर मालात कमी आणि कचऱ्याच्या गाडीत जास्त आहे. इटलीत २०११ पासून पातळ पिशव्या कंपोस्टेबलच असाव्या लागतात. लोक त्याच पिशवीत ओला कचरा भरतात, तो वेगळा उचलला जातो आणि उष्ण कंपोस्ट कारखान्यात जातो. तिथे साखळी पूर्ण आहे. आपल्याकडे वर्गीकरण करणाऱ्या ताईंना धावत्या कामात कंपोस्टेबल आणि साधी पिशवी वेगळी ओळखता येत नाही. त्या दोन्ही उपसून बाजूला काढतात आणि ते बरोबरच आहे. ओला कचरा बायोगॅसला जात असेल तर फिल्म टाकीत न पचता तशीच राहते आणि ढवळणीच्या दांड्याला गुंडाळली जाते. डंपिंगच्या ढिगात हवा नसते. तिथे बगॅससारखा कुजणारा माल कुजलाच तर मिथेन देतो. पीएलएचा पारदर्शक ग्लास बाटल्यांच्या भंगारात गेला तर वेगळंच विघ्न: पीईटीचे तुकडे सुमारे १६० अंशांवर वाळवतात, त्या उष्णतेत पीएलए चिकट होऊन गठ्ठे बांधतं.

म्हणून खरेदीच्या आधी तुमचे गिऱ्हाईक कचरा कुठे टाकतात ते विचारा. जवळच्या ऑफिसांना डबे जात असतील आणि तिथे स्वतःचं कंपोस्ट यंत्र असेल, तर त्याची सायकल किती दिवसांची ते बघा. बरीच यंत्रं कचरा दळून, लाकडाचा भुसा मिसळून पंधरा दिवस क्रेटमध्ये ठेवतात. तेवढ्यात बगॅस मऊ होऊन फाटतं, पीएलएच्या चमच्यांचे तुकडे जसेच्या तसे निघतात. अशा ठिकाणी बगॅस आणि लाकडी चमचे द्या, पीएलए अजिबात नको.

बगॅस तुमच्याच आवारात जिरवायचं असेल तर पद्धत अशी. परत आलेले डबे हाताने तळव्याएवढे फाडा, अख्खे टाकले तर एकमेकांत बसून आत कोरडेच राहतात. अर्धा तास पाण्यात भिजवा. आकारमानाने एक भाग बगॅस, दोन भाग भाजीची देठं-सालं-खरकटं, असे थर द्या. बगॅसमध्ये कार्बन फार आणि नायट्रोजन नगण्य, त्यामुळे खरकटं कमी पडलं तर ढीग थंड राहतो. वरून आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडा. मूठभर मिश्रण पिळल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसावी, धार लागू नये. दर तीन-चार दिवसांनी उलथा. अमोनियाचा उग्र वास आला तर बगॅस किंवा सुका पाला वाढवा, सडका वास आला तर हवा कमी पडतेय. तर्रीचं तेल लागलेले डबे एकदम जास्त घालू नका, तेलाचा थर हवा कोंडतो. दोन ते चार महिन्यांत डबे ओळखू येणार नाहीत. ढीग साधारण एक घनमीटरचा झाला तरच तो ५५ अंशांच्या वर जातो. ड्रममध्ये किंवा बादलीत ४०-४५ च्या पुढे सहसा नाही, आणि तिथे पीएलएचं झाकण टाकलंत तर पुढच्या दिवाळीत ते स्वच्छ धुतल्यासारखं परत मिळेल. डब्यावरचा बिलाचा स्टिकर आधी काढून टाका. बहुतेकदा तो प्लास्टिकचा किंवा प्लास्टिकच्या गोंदाचा असतो आणि खत चाळताना सगळ्यात जास्त सापडतो तो तोच.